लंकाबाईनं सांगितलेला चेहरा

राजनंदिनी पुण्याला चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला होती. रोजच्या जगण्यातलं काय बघून हात शिवशिवतात, त्याची एक वही भरून आणा, असं सरांनी सांगितलेलं. सुट्टीत महाळुंगे पडवळला घरी आली की जे डोळ्यांत भरेल ते ती मोबाइलवर टिपायची आणि मग वहीत उतरवायची. आजोबांची घोंगडं खांद्यावर टाकायची ऐट, कळंबच्या हॉटेलातल्या रंग उडालेल्या खुर्च्या, कांद्याच्या गोण्यांवरची गुलाबी शिवण.

धरणाकाठच्या डिंभ्याला ती गेली एका भिंतीसाठी. एसटीच्या खिडकीतून कधीतरी दिसलेली, सारवलेली भिंत. तिच्यावर तांदळाच्या पिठानं, नुसत्या बोटांनी काढलेले मोर आणि भाताच्या लोंब्या.

दुपारचे तीन वाजले होते. पुढं रस्ता, मागं धरणाचं पाणी, आणि घरात लंकाबाई एकटीच होती. तिनं फोटो काढू दिले, कोरा चहाही दिला. भिंत कुणी रंगवली विचारलं तर म्हणाली, माझ्या मंगलनं, आता दर वर्षी तेच मी गिरवते.

मंगल तिची एकुलती एक. चार वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजाराला म्हणून गेली, ती आलीच नाही. सतरा वर्षांची होती. पळून गेली असेल कुणाबरोबर, असं लोक म्हणाले. लंकाबाईनं त्यांच्याशी भांडण केलं नाही. पळून गेलेली पोर कधीतरी परत येते, एवढाच तिनं त्यातून अर्थ काढला आणि रोज संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसायला लागली. मंगलचा एकच फोटो होता. तो शोधणाऱ्यांना दिला, आणि तोही हरवला.

"आता तिचं तोंड मला नीट आठवंना," ती खाली बघत म्हणाली. "आईला आठवंना, हे सांगायचं तरी कुणाला? तुला काढता येतंय न्हवं? मी सांगते, तू काढ."

गाडीला वेळ होता. राजनंदिनी दारातल्या उजेडात वही घेऊन बसली.

लंकाबाई डोळे मिटून सांगू लागली. कपाळ रुंद. नाक बारीक, शेंड्याला जरा वर. राजनंदिनीची पेन्सिल चालत होती. मग लंकाबाईनं भुवईवरची खूण सांगितली, आणि राजनंदिनीच्या लक्षात आलं, ती खूण तिनं आधीच काढली होती. तिनं हात थांबवला नाही. खरं म्हणजे तो थांबेना.

हळूहळू लंकाबाई गप्प झाली. पेन्सिलीची खरखर तेवढी राहिली. बाहेर चैत्राचं ऊन तापलेलं असूनही उंबऱ्याच्या आत गारवा भरत चालला होता. वास येत होता... धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाचा. आणि आत, हंडे पालथे पडलेल्या कोपऱ्यात, कुठंतरी थेंब पडत होता. एक... मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"झालं," राजनंदिनी म्हणाली आणि वही फिरवून धरली.

लंकाबाईनं चित्रातल्या गालावर बोट टेकवलं. "मंगलच हाय." मग ते बोट तिथंच थांबलं. "केस वले कशाला काढलंस, बाय?"

राजनंदिनीनं चित्र पाहिलं. केसांच्या बटा कपाळाला, गालांना चिकटल्या होत्या. डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुणाकडंच बघत नव्हते. असं काढल्याचं तिला आठवेना. घाईघाईनं तिनं खोडरबर काढलं, तशी लंकाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे... पुसू नको." तिचा आवाज अगदी खाली गेला. "चार वरसं मी रस्त्याकडं बघत बसले. आन् पोर मागं पान्यात व्हती."

ती रडली नाही. कागद वहीतून अलगद काढून घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला. राजनंदिनी वही मिटून गाडीला निघाली. कुणाची तरी शेवटची आशा आपण आपल्या हातानं काढून घेतली, हेच वाटेभर मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई मासेमारी करणाऱ्यांकडं गेली आणि पाण्यात शोधा म्हणाली. वैशाखात पाणी खाली गेल्यावर मंगल सापडली. हाडंच उरली होती. पायातल्या जोडव्यासारख्या पितळी वळ्यावरून आईनं ओळखली. दहावं, बारावं रीतसर झालं. राजनंदिनी जाऊन आली. लंकाबाईनं तिला पोटाशी धरलं, जेवू घातलं.

सरांना वही तशीच अर्धी दिली. चेहरा मात्र तिनं त्यानंतर कुणाचाच काढला नाही.

श्रावणात लंकाबाईच्या शेजारच्या चिमाबाईचा फोन आला. लंकाबाई बरी आहे, भाताच्या आवणीला येते, आता रस्त्याकडं बघत बसत नाही, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली,

"एक इचारू का, ताई? सांजच्याला लंकाबाई आमच्या ओट्यावर बसलेली आसती. तिच्या घरात कुनी नसतं. तरी आतनं बोलनं येतं. पोरीचा आवाज... कुनाला तरी तोंड कसं हाय ते सांगती."

"कुणाचं तोंड?"

"ते काय कळत न्हाई. कपाळ लहान, म्हनती. डावा डोळा जरा बारीक. हनुवटीला खळी..."

राजनंदिनीचा हात आपसूक स्वतःच्या हनुवटीवरच्या खळीकडं गेला.