मोठी तापी

बांगडा हा मासा मुळातच खारट असतो, अशी आधारआबांची पक्की समजूत होती. मुक्ताईनगरच्या बाजारात तो येतो तोच वाळलेला, मिठात मुरलेला, कडक. सत्तरी ओलांडली तरी आबांनी दुसरा बांगडा पाहिलेला नव्हता. त्यामुळे दिवाळीला घरी आलेला प्रशील जेव्हा म्हणाला, की ताजा बांगडा खारट नसतो, उलट जरासा गोडच लागतो, तेव्हा याला शिकवून पैसे पाण्यात गेले अशा नजरेनं त्यांनी पोराकडे पाहिलं.

"जलमभर खाऱ्या पान्यात राह्यते, अन् खारट नसते?"

"तुम्ही जलमभर केळीच्या मुलखात राहिले, आबा. गोड झाले का?"

आबा हसले. आत पोळ्या करणाऱ्या त्यांच्या लेकीने, सविताने, तव्यावरची पोळी तशीच जळू दिली आणि बाहेर येऊन पाहिलं. आबांची बायको रुक्माबाई उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून आबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. अर्धी भाकर खायचे, अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायचे. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. सविता शाळेत विज्ञान शिकवायची; काही न सापडताही माणसं जातात, हे तिला पुस्तकाबाहेरून कळलेलं होतं. आईमागोमाग आबाही असेच निसटतील ही धास्ती तिच्या मनातून हलत नव्हती.

म्हणून समुद्राचा बेत तिनेच उचलून धरला. प्रशील कोकणात खेडजवळ एका कारखान्यात नोकरीला होता. हर्णैच्या जनार्दन नाखव्याशी त्याची ओळख होती. नाखवा पहाटे होडीतून माणसं नेतो, हातात गरी देतो, आणि नशीब असेल तर तासाभरात टोपलीभर बांगडे निघतात, असं प्रशीलनं रंगवून सांगितलं. आबा कान देऊन ऐकत होते. त्यांनी दुसरी भाकर मागितली. सविताला त्या नाखव्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"तिघांचं सांगून टाकतो मग," प्रशील फोन काढत म्हणाला.

"तीन नाही," आबा म्हणाले. "चार सांग."

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. तीन तिघाडा, काम बिघाडा. हे रुक्माबाईंचं. घरातून तिघं निघाले की ती वाटेतला एखादा गोटा उचलून ओच्यात टाकायची, म्हणायची, हा आपला चौथा. आबा त्यावरून तिला आयुष्यभर चिडवत आले होते. घरात पंचशील आणि हिच्या ओच्यात गोटा, असं चारचौघांत म्हणायचे. ती म्हणायची, तुमचं बी खरं अन् माझं बी खरं, आता चला. आणि गोटा बरोबर यायचाच.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतःहून रिक्षात बसून चांगदेवला गेले. तापी-पूर्णेच्या संगमावरून, रुक्माबाईच्या माहेरच्या घाटावरून, एक काळा गुळगुळीत गोटा त्यांनी आणला आणि खिडकीत ठेवला. "तिले समुद्र पाह्याचा व्हता," एवढंच म्हणाले. ते खरंच होतं. रुक्माबाई समुद्राला समुद्र म्हणत नसे. तापी जिथं जाते ती मोठी तापी, असा तिचा हिशेब. हा शब्द तिच्याखेरीज कुणाच्याच तोंडी नव्हता. घरातले तिच्यावर हसायचे, आणि ती आणखी ठासून म्हणायची.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. आबा दाढी करू लागले. बाजारात जाऊन उन्हाची टोपी घेऊन आले आणि आरशासमोर ती घालून स्वतःवरच खूश झाले. प्रशील खेडला परत गेला, आणि रोज रात्री फोनवर बापलेकांच्या गप्पा रंगू लागल्या: गरीला आमिष काय लावायचं, होडी लागली तर लिंबू चोखायचं की आवळा. सविताला आपलं घर परत मिळाल्यासारखं वाटलं.

गोटा ओलसर असतो, हे तिच्या झाडताना लक्षात आलं. खिडकीच्या फळीवर पाण्याचं वर्तुळ उठलं होतं. तिने गोटा पुसून गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी आणला तेव्हा वरून तापलेला होता आणि खालून ओला. दगडात बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी राहतं, असं तिने स्वतःला सांगितलं. वर्गात तिने हेच सांगितलं असतं. मग कुणी बघत नाही असं पाहून तिने ओलं बोट जिभेला लावलं. नदीच्या गोट्याला मिठाची चव होती.

त्याच आठवड्यात नाखव्याचा फोन आला. माणूस मोकळा, बोलका.

"ताई, तुमच्या आईंना सांगा, होडीवर सावलीला कापड बांधलंय. रोज विचारतात बिचाऱ्या."

"कोण विचारतं?"

"काकू. फोन करतात ना दुपारच्या. गोड बोलतात हो. तुमच्याकडं समुद्राला मोठी तापी म्हणतात का?"

कुठल्या नंबरवरून फोन येतो, असं सविताने विचारलं. नंबर काही दिसत नाही, आपण काही तसलं बघत नाही, असं नाखवा म्हणाला. प्रशीलला विचारलं तर त्याने शप्पथ घेऊन सांगितलं, की हा शब्द आपण तिकडे कधी काढलेलाच नाही. आईचा फोन तर त्यांनी उन्हाळ्यातच बंद केला होता.

तिने आबांना काही सांगितलं नाही. सांगवेना. ते समोर बसून दोन भाकरी खात होते आणि वर मिरचीचा ठेचा मागत होते. आई असेलच कुठे, तर असू दे, असं तिला क्षणभर वाटून गेलं. आईची भीती कशी वाटणार?

शनिवारी पुन्हा नाखवा.

"ताई, जेवणाचं पक्कं करायला फोन केलाय. जाताना चौघांची न्याहारी, आणि परत आल्यावर दोघांचंच जेवण, बरोबर ना?"

"दोघांचं का?"

"काकू म्हणाल्या. आमचं दोघांचं नको, म्हणाल्या, आम्ही राहणार. अन्न वाया जायला नको."

शाळा सुटली तशी सविता घरी गेली, आबा झोपलेले पाहून गोटा पिशवीत टाकला आणि चांगदेवची रिक्षा पकडली. भर दुपार होती. घाटावर बायका धुणं धूत होत्या. गोटा हातात जड लागत होता, आणि कोमट. "माय, आबांना राहू दे," ती मोठ्यानं म्हणाली. एका बाईने मान वळवून पाहिलं. सविताने गोटा जमेल तितका लांब फेकला.

घरी येईपर्यंत तिने सगळं ठरवलं होतं. तिची शाळेतली मैत्रीण ज्योत्स्ना सोबत येईल. चौघं होतील, हाडामांसाची चौघं. मग गोट्याची गरजच नाही.

आबा अंगणात खुर्चीत बसले होते. खिडकी रिकामी असल्याचं त्यांनी पाहिलेलं होतं.

"कोठी टाकला?"

"संगमावर." तिला खोटं बोलता येईना.

आबांचा चेहरा उजळला. "बरं केलं तू, पोरी. यष्टी लागे तिले. ओकून ओकून जीव जाये. पान्यानं गेली, हे चांगलं झालं."

"आबा, खाली हतनूरचं धरण आहे. तो दगड धरणापर्यंतही जायचा नाही."

"दगड नाही जायाचा," आबा म्हणाले.

रविवारी सकाळी तिने त्यांना चहा दिला. त्यांनी दाढी केली होती, नवी टोपी घातली होती. आतापासूनच कशाला घातली, म्हणून ती रागावली. ते नुसते हसले आणि कप हातात घेऊन उन्हाकडे तोंड करून बसले.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

"ताई, तुमचं तर पुढच्या शनिवारचं होतं ना?" नाखव्याचा आवाज जरा गोंधळलेला होता. "काकू आजच आल्यात. पहाटे. कपडे ओलेचिंब. बायकोनं तिचं लुगडं दिलं नेसायला."

सविताने गॅस बंद केला.

"कुणी सोडलं, विचारलं. पोरीनं सोडलं, म्हणाल्या."

नाखवा पुढे बोलतच होता.

"आणि आत्ताच, एवढ्यात, आबापण आले. टोपीवाले. थांबा, देतो त्यांना."

पलीकडे वारा होता. लाटा होत्या. कुणीतरी बाई खळखळून हसली, आणि ते हसू सविताला हजार बायकांत ओळखू आलं असतं.

"सविता," आबा म्हणाले. आवाज भरलेला, तरुण होता. "घोर नको करू. जेवलो मी पोटभर. तू अन् प्रशील सांभाळून राह्यजा."

फोन बंद झाला.

ती दारात आली. आबा होते तसेच खुर्चीत होते, तिच्याकडे पाठ करून. टोपी सरळ होती. ऊन त्यांच्यावरून सरकून भिंतीवर गेलं होतं आणि त्यांनी खुर्ची सरकवली नव्हती.

ती हळूहळू पुढे गेली.

कप त्यांच्या हातात नीट धरलेला होता, एक थेंब सांडलेला नव्हता. चहावर जाड साय आली होती.