टकटक कुणाची?

"नलूताई, धाव! माधवने कानाला लावलं!" तिचा धाकटा भाऊ चिंतामणी गॅलरीतून ओरडतच आत आला.

"अरे, काय लावलं?"

"ते काळं! हेडफोन! धराधरकाकांनी स्वतःच्या हाताने लावले त्याच्या कानाला!"

नलूच्या हातातली चकली कटकन मोडली. तीन दिवस! माधवला दादरहून येऊन उणेपुरे तीन दिवस झाले होते. मामाचा मुलगा, दिवाळीच्या सुट्टीला आलेला, पाहुण्यासारखा पाहुणा. आणि त्याच्या कानाला हेडफोन?

नलूला राग यायला कारण होतं. धराधरकाका दुसऱ्या मजल्यावर अगदी टोकाच्या खोलीत राहत. दिवसभर गोदीच्या कचेरीत कारकुनी, आणि घरी आले की आपलं बिनतारी यंत्र! ते त्यांनी स्वतः, जुने भाग जमवून बनवलं होतं. त्यावरून ते आफ्रिकेतल्या, जपानमधल्या, कुठकुठल्या माणसांशी गप्पा मारत. कधी बोलून, कधी तार ऑफिसातल्यासारखी टकटक करून. त्यासाठी सरकारी परवाना होता. पगार नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. ज्यांच्याशी गाठ पडे ते लोक मग आपलं कार्ड पाठवत. त्या कार्डांनी काकांची एक अख्खी भिंत भरली होती.

गणपतीत नलू काकांच्या मागे लागली होती. काका म्हणाले होते, "आधी टकटकीची बाराखडी शीक, मग हेडफोन." नलू शिकली. वाटीवर चमचा आपटून आपटून शिकली. आई कावली, अण्णांनी कानात कापूस घातला, पण नलू शिकली! आणि हा माधव? त्याला म्हणे तापल्या कांडीने तारेला डाख लावता येतो. एवढ्यावर काका खूश!

ती तणतणत गॅलरीत आली. "रात्रंदिवस आपली टकटक करत बसायचं! कुणाला काय कळवतात ते देव जाणे!"

मागे आरामखुर्चीत मनमोहनराव वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

"काय म्हणालीस, नलू?"

"काही नाही," नलू म्हणाली आणि आत पळाली. पण शब्द सुटला तो सुटलाच.

मनमोहनराव म्हणजे चाळीचे चिटणीस. त्यांच्याकडे चाळीतला सगळ्यात मोठा रेडिओ होता, हिरवा डोळा असलेला. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे. संध्याकाळच्या बातम्यांना अख्खी चाळ त्यांच्या खोलीत कोंबून बसायची, आणि मनमोहनराव जणू बातम्या आपणच सांगतोय अशा थाटात मान डोलवायचे. पण वसुबारसेपासून घात झाला होता. दिवेलागण झाली रे झाली, की चाळीतल्या प्रत्येक रेडिओत सुरू व्हायचं, टक्… टक्… टक्… बातमीतला निम्मा शब्द त्यात गडप! लोक यायचे बंद झाले. उलट काकांची कार्डं बघायला मात्र पोरांची रीघ. ते मनमोहनरावांना किती झोंबलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

त्याच आठवड्यात काकांनी गच्चीवर नवा बांबू उभारून तार ताणली होती. मग आणखी काय हवं?

संध्याकाळी मनमोहनराव घरोघर हिंडले. "मी नाही हं, अण्णांची नलूच म्हणत होती. कुणाला कळवतो हा माणूस? मी त्याला म्हटलं होतं, बाबा रे, तुझ्या यंत्रावरून जगाला एकदा सांग की संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! तर म्हणतो कसा, राजकारण बोलणं परवान्यात बसत नाही! परवान्यात! आता तुम्हीच ओळखा, आपला की सरकारचा, कुणाचा माणूस आहे तो. उद्या संध्याकाळी सभा. बांबू उतरवायचा आणि यंत्र चाळीबाहेर!"

नलूने ते दाराआडून ऐकलं आणि दार हळूच लोटून घेतलं. काकांना पोलिसांचा माणूस म्हणतायत, आणि तेही तिच्या नावावर! पण खरं सांगायचं तर भीतीच्या बाजूला एक छोटासा आनंदही बसला होता. यंत्र गेलं की माधवचे हेडफोनही गेले! या विचाराची तिला लाज वाटली, तरी तो जाईना.

दिवे लागले. घरच्या रेडिओत टक्… टक्… सुरू झालं. माधव अजून वरच होता.

"बसलाय वाटतं टकटकीच्या किल्लीवर!" नलू पुटपुटली. "बघू तरी काय पाठवतोय. चूक सापडली ना, तर सगळ्यांसमोर सांगेन!"

ती रेडिओला कान लावून बसली. टक्. टक्. टक्. टक्. एक टक् म्हणजे इंग्रजी ई. पुन्हा ई. पुन्हा ई. नलूला हसू फुटलं. "ठोंब्या! एकच अक्षर येतंय याला!"

शंभरदा ई झाला. हसू ओसरलं. टकटकीच्या भाषेत लांब असतं, आखूड असतं, मध्ये दम घ्यायला जागा असते. इथे काहीच नव्हतं. घड्याळासारखं नुसतं एकसारखं! संध्याकाळभर एकच अक्षर कोण पाठवेल? माधवसुद्धा नाही!

ती दोन-दोन पायऱ्या चढत काकांच्या खोलीत घुसली. "काका, तुम्ही…"

यंत्रावर जुनं धोतर झाकलेलं होतं. काका खिडकीशी उभे होते. माधव स्टुलावर तोंड पाडून बसला होता.

"टकटक चालू आहे," नलू म्हणाली. "खाली आत्ता चालू आहे!"

"असणारच," काका म्हणाले. "वसुबारसेपासून दिवे लागल्यावर मी यंत्राला हात लावलेला नाही. लोकांना त्रास नको म्हणून. सकाळीच काय ते ऐकतो."

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"सांगितलं त्यांनी," माधव उसळून म्हणाला. "मनमोहनराव म्हणाले, बंद दाराआड काय चालतं ते कुणाला दिसतं? आणि तूच म्हणे काहीतरी सांगितलंस!"

नलूचे कान तापले. तिने मान खाली घातली. "हो. म्हटलं मी. तुझे हेडफोन बघून डोक्यात राख घालून घेतली आणि म्हटलं. काका, माझं चुकलं."

काका खिडकीपासून वळले. मग म्हणाले, "एकसारखी टकटक आहे म्हणतेस? किती वेळ ऐकलीस?"

"बराच वेळ. माधवची चूक काढायची होती."

"वा!" माधव म्हणाला.

"'वा'च म्हणायला हवं! तिने कान दिला. बाकीच्यांनी नुसते कान झाकले," काका म्हणाले. "हे बघा, जवळपास कुठेतरी विजेची ठिणगी उडतेय, ठरावीक वेळाने. प्रत्येक ठिणगीला रेडिओत एक टक्. पण आत्ता मी कुणाच्या घरात शोधायला गेलो तर मला दारात तरी उभं करतील का?"

"तुम्हाला नाही. पण आम्हाला फराळाला बोलावतात!" नलू म्हणाली.

झालं! फौज निघाली. नलूचं घर पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून. नलू खिडकीत बसली, रेडिओ शेजारी. टक् झालं की हात वर, आणि लगेच खाली. माधवने समोरच्या शिंप्याचं मशीन बघायचं, चिंतामणीने पिठाच्या गिरणीशी उभं राहायचं. नलूच्या हाताबरोबर काय हलतं ते शोधायचं.

शिंपी दुकान बंद करून गावी गेलेला. गिरणीचा पट्टा गरगर फिरत होता, पण त्याचा आणि हाताचा मेळच नव्हता. चिंतामणी कंटाळला. पलीकडच्या फुटपाथवर बसून त्याने खिशातली करंजी काढली आणि वर बघत खाऊ लागला. बघता बघता करंजी तोंडातच राहिली.

"ताई!" तो रस्त्यातूनच बोंबलला. "हात वर कर परत! कर, कर! अगं, तुझा हात वर झाला की कंदील विझतो!"

माधवने वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून मनमोहनरावांचा कंदील लोंबत होता. पिंपाएवढा! त्यावर लाल अक्षरं, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. वसुबारसेला लागलेला, खास लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून करून आणलेला, उघडझाप करणारा कंदील! हात वर, कंदील बंद. हात वर, कंदील बंद. एकदाही चुकामूक नाही.

"खलास!" माधव म्हणाला.

कंदील बघणारे सगळे रस्त्यावर, आणि रेडिओ ऐकणारे सगळे घरात. दोन्ही एकदम कुणी केलंच नव्हतं!

"चला, सांगू या," चिंतामणी म्हणाला.

"वेडा आहेस?" नलू म्हणाली. "संयुक्त महाराष्ट्राचा कंदील विझवा, असं काकांच्या बाजूने आपण म्हणायचं? आपल्यालाच बाहेर काढतील! नाही. हे मनमोहनरावांच्याच हातून व्हायला हवं."

दुसऱ्या दिवशी सभेआधी ती गोड चेहरा करून त्यांच्या दारात उभी राहिली.

"मनमोहनराव, सभा पुढच्या अंगणात घ्याल का? तुमच्या कंदिलाखाली शोभेल. आणि तुमचा रेडिओ गॅलरीत आणून ठेवा ना! टकटक सगळ्यांना ऐकू दे. पुरावा नको?"

"हुशार आहेस!" मनमोहनराव खुलले. "रेडिओ असावा तर माझ्यासारखा! तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल!"

संध्याकाळी अंगण भरलं. धराधरकाका एका कडेला हात बांधून उभे. त्यांच्या शेजारी कुणी उभं राहिलं नव्हतं, फक्त माधव. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत रेडिओचा हिरवा डोळा लुकलुकत होता. दिवे लागले, कंदील पेटला आणि… टक्… टक्…

"ऐका!" मनमोहनराव वरून गरजले. "ऐका याचे उद्योग!"

"पण काका तर इथे उभे आहेत," नलू मोठ्याने म्हणाली. "मग वर कोण करतंय टकटक? चिंतामणी, टाळ्या!"

चाळीतली यच्चयावत पोरं आधीच फितवलेली होती. रेडिओ म्हणाला टक्, पोरांची टाळी! टक्, टाळी! टक्, टाळी!

"आता वर बघा! कंदिलाकडे!"

पन्नास माना वर झाल्या. टाळी, कंदील बंद. टाळी, कंदील बंद. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "अगं बाई! हा तर कंदीलच टकटकतोय!"

"खोटं!" मनमोहनराव लाल झाले. "संयुक्त महाराष्ट्राचा कंदील आहे तो! विझवाल तर याद राखा!"

नलूचे वडील, अण्णा, पुढे झाले. सत्याग्रहात ते तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्यासमोर कुणी आवाज चढवत नसे. "मनमोहनराव, कंदिलावर काय लिहिलंय ते आम्हाला तोंडपाठ आहे. मिनिटभर विझला म्हणून महाराष्ट्र कुठे जात नाही. बटण दाबा."

बटण खट्कन बंद झालं. कंदील विझला, आणि रेडिओतून बातम्या देणाऱ्याचा आवाज स्वच्छ, खणखणीत अंगणात उतरला. कितीतरी दिवसांनी! लोक बातमीच ऐकत उभे राहिले. टकटकीचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

बातम्या संपल्यावर अण्णा म्हणाले, "धराधर, बांबू राहील तिथेच. आणि चाळीने तुमची माफी मागायला हवी."

"माफी मी मागितली पाहिजे सगळ्यात आधी," नलू सगळ्यांसमोर म्हणाली. "ती गोष्ट माझ्या तोंडून निघाली. मला माधवचा हेवा वाटत होता."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खोडी तुझी, आणि शोधही तुझा. पोरी, शाबास!"

धराधरकाका मात्र माफीबिफी ऐकायला थांबलेच नव्हते. ते खोलीतून छोटी पेटी घेऊन गच्चीवर गेले, माधव डाख लावायची कांडी घेऊन मागे. कंदिलाची उघडझाप करणाऱ्या चकरीत जिथे ठिणगी उडत होती तिथे काकांनी ठिणगी गिळणारा, बोटाएवढा कंडेन्सर बसवला. बटण परत दाबलं. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' उघडझाप करू लागलं आणि रेडिओ हूं की चूं करेना!

मनमोहनराव बराच वेळ घुटमळले. मग हळूच म्हणाले, "धराधर, ते जपानचं कार्ड… एखादं माझ्या नावावर नाही का येणार?"

"परीक्षा द्यावी लागते," काका म्हणाले. "बाराखडी नलू शिकवेल. वाटी-चमचा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू स्टुलावर बसली. कानांवर हेडफोन चढले. आधी नुसती खरखर. मग खूप लांबून, बारीक आवाज… डिट-डा, डा-डिट… लांब, आखूड आणि मध्ये दम घ्यायला जागा. माणूस! समुद्रापलीकडचा खराखुरा माणूस! तिला अक्षरं कळत होती!

"कोण आहे? काय म्हणतोय?" माधव तिच्या खांद्याशी घुटमळत होता. "अगं सांग ना! मला दे ना जरा!"

नलूने त्याचा चेहरा पाहिला. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. परवा सकाळी तो तिच्याच मानेवर होता.

तिने आणखी एक मिनिट मुद्दाम ऐकलं. एकच हं! मग हेडफोनची एक वाटी उलटी करून त्याच्या कानाशी धरली, आणि दोघं डोक्याला डोकं लावून ऐकू लागली.

"ई," माधव दबक्या आवाजात म्हणाला.

"ई नाही, ठोंब्या," नलू म्हणाली. "थांब. अजून पुढे आहे."