पाण्याची प्लेट

सकाळी नऊला तिनं इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि "अरेच्चा!" म्हणून तिथेच थबकली. पाण्याच्या प्लेटवर एक ठिपका उगवला होता. पांढरा, गोल, टाचणीच्या डोक्याएवढा.

तो उगवायलाच नको होता. तीन वर्षं ती एकाच कामाच्या मागे लागली होती. बॅक्टेरियाच्या पोटात डीएनएचं इवलंसं कडं असतं, प्लाझ्मिड. ते कापायचं, मधे जनुकाचा तुकडा ठेवून सांधायचं आणि परत बॅक्टेरियात घालून बॅक्टेरिया मारणारं औषध मिसळलेल्या प्लेटवर पसरायचं. सांधा जमला तर बॅक्टेरिया त्या औषधातही तगतात आणि ठिपका दिसतो. शेजारी पडताळ्याची एक प्लेट असते. तिच्यात तुकड्याऐवजी नुसतं पाणी. ती कोरीच राहिली पाहिजे.

हेच जनुक तिच्या दादाच्या डोळ्यांत बिघडलेलं होतं. त्याला कडेकडेचं तेवढं दिसे. "बाजूला बस गं," तो हसत म्हणायचा, "समोर बसलीस की गायब होतेस." निरोगी जनुक कड्यात बसलं, तर डॉक्टरांचा एक गट उपचारासाठी ते पुढे नेणार होता. पण ते अख्खं काही बसेना, म्हणून तिनं त्याचे पाच तुकडे पाडायचे ठरवले. पहिला कसाबसा बसला होता. बाकीचे अजून बनायचे होते.

"पिपेटची टिप न बदलता पाणी घेतलंस, आधीचं काहीतरी मिसळलं," आप्पा चष्मा पुसत म्हणाले. आप्पा म्हणजे लॅबमधले सर्वांत जुने तंत्रज्ञ. तिला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"नाही हो आप्पा! शपथ."

दोघांनी ठिपक्यातला डीएनए जेलवर चालवला. पट्टी कुठवर सरकते त्यावरून लांबी कळते. लांबी दुसऱ्या तुकड्याची निघाली. मग एकेक अक्षर वाचून घेतलं. दुसराच तुकडा, अक्षरन् अक्षर बरोबर. त्याचा थेंबही अजून लॅबमध्ये नव्हता.

तिनं दुसऱ्या दिवशी तो बनवला, आणि तो पहिल्या फटक्यात बसला. असं तीन वर्षांत कधी झालं नव्हतं.

मग कुठली भूक आणि कुठली तहान! नवं पाणी, नव्या टिपा, नव्या प्लेटी. दोघंही रोज पाण्याची एकेक प्लेट पसरू लागले. तिच्या प्लेटवर तिच्या हातून उद्या होणारं काम यायचं, आप्पांच्या प्लेटवर आप्पांच्या हातचं. सकाळी जिना ती दोन-दोन पायऱ्यांनी चढायची आणि आप्पा वर आधीच हजर असायचे, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखे.

"तुकड्यांच्या चिठ्ठ्या टाकू," एक दिवस ती म्हणाली. "मी काय करणार हे मलाच ठाऊक नको."

आप्पांनी तिच्या नव्या ठिपक्याच्या जेलचा फोटो तिला न दाखवता ड्रॉवरमध्ये ठेवला. तिनं चिठ्ठी उचलली. पाच. ड्रॉवर उघडला. पट्टी पाचव्या तुकड्याच्या लांबीवर होती.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ हसू फुटलं. आप्पाही हसले, पण फोटो त्यांनी उलटा करून ठेवला.

दोन आठवड्यांत पाचही तुकडे बसले. मग एका सकाळी तिच्या पाण्याच्या प्लेटवर अख्खं जनुक आलं, एका सांध्याचीही चूक नाही.

"आता करायचं तरी कशाला?" ती नाचायचीच बाकी होती. "हे काय, आयतंच आहे की!"

"करायचं," आप्पा म्हणाले. "तू करणार आहेस म्हणून तर ते आलंय."

तिनं केलं, आणि ते बसलं. दादाला फोन लावला तर तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तू नुसती रडत बसशील."

आता डॉक्टरांसाठी जनुकाच्या प्रती बनवायच्या होत्या. कामं वाटून घेतली. पुढची निम्मी तिची, निम्मी आप्पांची. दोघांनी सवयीनं पाण्याच्या प्लेटी पसरल्या.

सकाळी तिनं दार उघडलं.

तिच्या प्लेटवर ठिपका होता.

आप्पांच्या प्लेटवर काही नव्हतं. तिनं ती उजेडाला धरली, तिरकी केली, भिंगाखाली घातली. स्वच्छ, गुळगुळीत, नव्यासारखी.

"तुम्ही बॅक्टेरिया घालायला विसरलात," ती म्हणाली.

"नाही."

"औषध जास्त झालं असेल."

"दोन्ही प्लेटींत औषध एकाच बाटलीतलं आहे, पोरी."

"पण उद्याचं निम्मं काम तर तुम्हीच करणार आहात!"

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. आप्पांनी प्लेट हातात घेऊन नीट पाहिली.

"छान आली आहे," ते म्हणाले. "पाण्याची प्लेट अशीच यायला हवी."

त्यांनी नोंदवहीत शून्य लिहिलं. मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, आपल्या फळीवरच्या बाटल्या एकेक करून खाली घेतल्या, त्यांच्यावरचं स्वतःचं नाव पुसलं आणि त्या जागी सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहायला लागले.