अर्धं हसू

डोळसांच्या नजरा भिडतात, आमच्या काठ्या भिडल्या. लिफ्टचं दार उघडलं, मी बाहेर पाऊल टाकलं आणि माझी पांढरी काठी समोरून येणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या काठीत अशी अडकली, की दोघांनाही सरकता येईना.

"सॉरी हं… दिसलं नाही," तो म्हणाला.

"मलाही," मी म्हणाले.

आणि मग आम्ही इतके हसलो, की त्याची लिफ्ट त्याच्यावाचून खाली निघून गेली. तो मुलाखत देऊन परत निघाला होता. सोमवारपासून माझ्याच हाताखाली कामाला लागला.

काम साधं. वॉशिंग मशीनच्या कंपनीत ग्राहकांशी चॅटवर बोलायचं. पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर कानात वाचून दाखवतो, आपण कीबोर्डवर उत्तर द्यायचं. कीबोर्ड तो असा बडवायचा, की आठवड्यात अख्ख्या ऑफिसनं त्याचं नाव 'टकटक' ठेवलं. साहेबांचा एक नियम होता. प्रत्येक उत्तराच्या शेवटी हसरा चेहरा हवाच. डोळसांना तो चेहरा दिसतो, आम्हाला नुसतं ऐकू येतं, 'कोलन, कंस बंद'.

आम्ही दोन टेबलांच्या अंतरावर बसायचो, पण एका कानात सतत हेडफोन, त्यामुळे एकमेकांशीही लिहूनच बोलायचो. पहिल्याच दिवशी त्याचा मेसेज आला. "काम समजलं, मॅडम. सेमीकोलन, कंस बंद."

सेमीकोलन? हे काय नवीन? घरी जाऊन धाकट्या बहिणीला विचारलं. तिला दिसतं, आणि जे दिसत नाही तेही तिला आधी कळतं.

"अगं ताई!" ती किंचाळलीच. "डोळा मारतोय तो तुला!"

माझी नजर नवव्या वर्षी गेली. पण डोळा मारणं मला पक्कं आठवतं. आई रागवत असली, की तिच्या पाठीमागून मामा मला डोळा मारायचा. म्हणजे, घाबरू नकोस, आपल्या दोघांत काय ते ठरलंय. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला तेच सांगत होतं. रोज. दिवसातून पाच-सहादा!

मी कानात डूल घालायला लागले.

"त्याला दिसणार आहेत का ते?" बहिणीनं चिडवलं.

"वाजतात," मी म्हणाले.

पाच महिने मी त्या सेमीकोलनवर जगले, खोटं कशाला बोलू?

मग एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. ते हसू दाबत होते. सत्तरीच्या एका आजींच्या घरात मशीनचं पाणी पसरलं होतं, आणि त्यांनी तक्रार केली होती, 'तुमचा माणूस मला डोळे मारतो! या वयात!'

"समजवा त्याला," साहेब म्हणाले.

म्हणजे डोळा मला एकटीलाच नव्हता. कँटीनच्या बाकावर मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि विचारलं, "आजींना सेमीकोलन का टाकलात?"

"सेमी म्हणजे अर्धं ना, मॅडम? कोलन म्हणजे पूर्ण हसू, सेमीकोलन म्हणजे अर्धं. मोठ्या माणसांसमोर दात काढायचे नसतात, असं आमचे काका म्हणतात. म्हणून मोठ्यांना मी अर्धंच देतो. आजींना, साहेबांना… तुम्हाला."

मोठ्यांना! मी त्याच्याहून अवघी दोन वर्षांनी मोठी. रडावं की हसावं, कळेना.

तो जन्मापासून न पाहणारा. चेहरा आडवा लिहितात, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याचा तळहात हातात घेतला. डावीकडे दोन टिंबं काढली, उजवीकडे एक कमान. "हे डोळे. हे ओठ. चेहरा कुशीवर झोपलाय. सरळ बघायचा तर मान अशी डावीकडे वाकवायची."

त्यानं मान वाकवली. त्याचे केस माझ्या खांद्याला लागले न लागले… आणि तो पटकन सरळ झाला.

"आणि सेमीकोलनमध्ये एक डोळा मिटलेला असतो," मी म्हणाले. "म्हणजे, दोघांमधलं गुपित. लोक… आवडत्या माणसाला मारतात डोळा."

दुसऱ्या हाताच्या बोटांवर त्यानं महिने मोजले.

"मग मी तुम्हाला… पाच महिने?"

"हो."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

बोलायचं होतं. आवडत होतं म्हणून बोलले नाही, एवढंच तर सांगायचं होतं! पण मी नुसती डुलाशी चाळा करत राहिले. त्यानं अलगद हात काढून घेतला.

"माफ करा, मॅडम."

त्या दिवसापासून नुसती टिंबं. 'कळवतो, टिंब.' 'झालं, टिंब.' मी जुने मेसेज उघडायची आणि स्क्रीन रीडरला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. दोन टेबलं पलीकडे बसलेल्या माणसाची आठवण येते का कुणाला? मला यायची. डूल डब्यात गेले.

महिन्याभरानं कळलं, की त्याला फोन विभागात घेतलंय, वरच्या मजल्यावर. तिथं लिहिणंच नाही. म्हणजे टिंबंसुद्धा गेली.

शेवटच्या शुक्रवारी साडेपाचला खुर्च्या सरकायला लागल्या, लोक निघाले. मी त्याच्या कीबोर्डकडे कान लावून बसले होते. टकटक… थांबला. पुन्हा टकटक… पुन्हा थांबला. मग माझ्या कानात आवाज आला.

"तुम्ही शिकवलेलं विसरणार नाही. सेमीकोलन, कंस बंद."

तीनदा वाचायला लावलं. तीनदा तेच.

मी लिहिलं, "जुनी सवय गेली नाही वाटतं?"

"सवय कधीच मोडली. हा डोळा मी अर्थ माहीत असून मारलाय."

खोडी काढल्याशिवाय मला राहवेना. "मोठ्या माणसांना?"

"एकाच माणसाला. तक्रार करायची असेल, तर साहेब अजून केबिनमध्ये आहेत."

त्याची खुर्ची सरकली. काठीचा आवाज जवळ आला, माझ्या काठीला टक्क करून लागला आणि थांबला. तो माझ्या डाव्या हाताला बसला.

"तुमचे डूल महिनाभर वाजले नाहीत," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, रागावलात."

"मला वाटलं, ऐकणारं कुणी नाही."

"मी रोज ऐकायचो… पहिल्या दिवसापासून." तो थांबला. माझ्यासमोर त्यानं तळहात उघडला, त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. "तो चेहरा कसा बघायचा म्हणालात? परत एकदा सांगा ना."

"मॅडम म्हणणार नसशील तर सांगते."

"सांग."

सांगितलं नाही. मी नुसती मान डावीकडे वाकवली. तिथं त्याचा खांदा होता.