डावी गाठ

बर्फाच्या कारखान्याची जळालेली मोटर दुकानात आली तेव्हा वहिनीला मनातून बरंच वाटलं. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नवरा गेल्यापासून तिच्याकडे पंखे नि मिक्सर तेवढे यायचे. एवढं मोठं काम बाईच्या हाती कोण देणार? पण कारखान्याचा मालक घायकुतीला आला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोटर फिरली नाही तर त्याच्या बर्फाचं पाणी होणार होतं. आणि ती पुन्हा जळाली तर या दुकानाला टाळं लागणार, हे नणंदेने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

वहिनीने जळकी तार उपसली, खाचा साफ केल्या आणि तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी बसवली. दुसऱ्या दिवशी टोकं जोडून सगळं सुती दोऱ्याने आवळत आणलं. हे बांधणं नवऱ्याने शिकवलेलं. तो डावखुरा, त्याची गाठ उलटी पडायची, तिची सरळ. "माझी गाठ सुटत नाही, कापावी लागते," अशी फुशारकी मारायचा. "ते मला लग्नापासून ठाऊक आहे," ती म्हणायची.

शेवटची गाठ मारून ती टेबलावर डोकं टेकून पेंगली. जाग आली ती वितळलेल्या कथलाच्या वासाने. दार आतून बंद होतं. दुकानात कुणीच नव्हतं. डाग द्यायच्या यंत्राचं बटण बंद होतं, पण टोक तापलेलं होतं. तिने मारलेल्या गाठी कापून खाली टाकलेल्या होत्या आणि मोटरीवर नव्या गाठी होत्या, सगळ्या डाव्या.

त्यांच्याखाली एका वेटोळ्याची टोकं सोडवून, अदलाबदल करून पुन्हा जोडलेली होती. वहिनीने बोटाने तारेचा माग काढला. आधी घाईत तिनेच ती उलटी जोडली होती. तशीच चालू केली असती तर मोटर नुसती गुरगुरून जळाली असती.

"अहो... तुम्ही?"

ती घाबरली नाही, उलट तिला हायसं वाटलं.

संध्याकाळी मोटर सुरळीत फिरली. मालक खूश होऊन गेला. नणंद गाठींकडे बघतच राहिली.

"हात अगदी दादासारखा चालतो गं तुझा, वहिनी."

वहिनी नुसती हसली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. मग वेणी सोडायला घेतली, तर टोकाला रिबिनीऐवजी सुती दोरा. गाठ डावी. तिला भरून आलं. कातर हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. राहू दे, म्हणाली, आणि निवांत झोपली.

सकाळी वेणीवर दुसरी गाठ होती, पहिलीच्या बोटभर वर. मोटर बांधताना तो असाच पुढे जायचा, सारखं अंतर राखत, एकेक गाठ आवळत. वेणीच्या वर मान होती, आणि काम अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.