चाकावर कोण?

सून म्हणते, "बाबा, लिहून काढा." जसा काही मी कारकूनच. माझी शाळा चौथीत सुटली, आणि सुटली तेव्हा मास्तर आणि मी दोघंही खूश होतो. पण बाई ऐकेल तर शपथ. मुलगा म्हणतो म्हातारा चळलाय, म्हणून हिला सगळं कागदावर हवंय. तर घ्या. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नका.

आमचा धंदा दोरखंडाचा. जहाजांना लागतात ते जाड दोर. आता सगळं बंद आहे, पण शेड उभी आहे आणि किल्ली माझ्याकडं आहे. शेड एवढी लांब की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. या टोकाला चाक. एकानं चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेभोवती वाख, म्हणजे अंबाडीच्या धाग्यांचा झुबका, गुंडाळायचा, त्याची शेंडी चाकाच्या आकड्याला अडकवायची आणि चिमटीतून वाख सोडत मागं मागं चालत जायचं. चाक पीळ देतं, सूत होत जातं. चालणाऱ्याला आपण कुठं चाललोय ते दिसत नाही. त्याला दिसतं फक्त चाकावरच्या माणसाचं तोंड. खडखडाटात हाक पोचत नाही, म्हणून सुतालाच हिसका द्यायचा. एक हिसका, थांब. दोन हिसके, परत ये.

आमचं आडनाव यातूनच पडलं. ते इथं लिहीत नाही, पण अर्थ 'उलट्या पावलांचे' असा. शाळेत पोरं म्हणायची, "ए, तुझे पाय बघू." मी दाखवायचो. लाथ घालून.

माझे आजोबा चाकावर असत आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे चुलत आजोबा, सुतावर. एके दिवशी चुलत आजोबा मागं चालत त्या टोकाला गेले, सूत खांबाला बांधलं आणि मागच्या दारानं थेट धक्क्यावर. तिथून बोटीत, समुद्रापार. ना निरोप, ना पत्ता. आजोबा इकडं चाक फिरवतायत. पीळ चढून चढून सूत कण्हायला लागलं तेव्हा जाऊन बघितलं, तर भावाच्या जागी खांब. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या आजोबांवरूनच म्हणत असतील. म्हणाले, "या सुताला कुणी हात लावायचा नाही. ज्यानं बांधलं तोच येऊन सोडेल." कुणी लावला नाही. ते सूत भिंतीच्या कड्यांमधून लोंबत राहिलं. काळं झालं, कोळ्यांनी त्यावर घरं केली.

आता भिंगरीचं. भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. तिला रक्ताचा आजार झाला आणि पोरगी ठरली. खाटेवर. डॉक्टरीण म्हणाली, हाडातला मगज बदलायला हवा, आणि तो जुळणारा हवा. माझं रक्त घेतलं, मुलाचं, सुनेचं, भिंगरीच्या आत्याचं. परक्यांतही शोधलं. कुणाचं जुळेना.

"लांबचं कुणी आहे का?" डॉक्टरीण म्हणाली.

"लांबचं म्हणजे किती लांब?"

"रक्तातलं असेल तर कितीही लांब, आजोबा. पण लवकर."

सून आडनाव घेऊन शोधायला बसली. कॉम्प्युटरसमोर जेवायची नाही, झोपायची नाही. समुद्रापार आमच्या आडनावाची माणसं निघाली. पार वेडंवाकडं झालेलं आडनाव, पण आमचंच. हिनं सगळ्यांना लिहिलं. एकाचंही उत्तर नाही.

"आडनाव सारखं म्हणून कोण कुणाला हाडं काढून देतंय?" मी म्हणालो.

ती चिडली नाही, रडली. चिडली असती तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी म्हणाली, "बाबा, शेडमधून जरा बारीक दोरी आणा. दवाखान्यातल्या चादरी वाळत घालायच्यात."

गेलो. आत डांबराचा आणि जुन्या वाखाचा वास. उजेड दारापाशीच संपत होता. दोरी सापडली, खांद्यावर टाकली, निघालो. आणि हात चाकाच्या आकड्यापाशी अडला. बुडता माणूस काडीला धरतो. मी सुताला धरलं.

दोन हिसके दिले.

"परत या," मी अंधारात म्हणालो. "पोर चाललीय..."

धूळ पडली, बाकी काही नाही. स्वतःलाच शिवी घातली. तेवढ्यात सुताचा ढिलेपणा जाऊ लागला. हळूहळू. कोळ्यांची घरं तुटत गेली, सूत छातीच्या उंचीला आलं आणि ताठ झालं. मग तिकडून हिसका आला. एक.

थांब.

थांबलो. पाय हलतच नव्हते म्हणा. लांबून पावलं वाजायला लागली. आधी चवडा, मग टाच. साधा माणूस असा चालत नाही. उलटं चालणारा चालतो, आणि तो आवाज मी जन्मभर ऐकलाय. खारट वास आला, भिजलेल्या वाखाचा. मग अंधारातून पाठ आली. ओला सदरा, कमरेला वाख, मान सरळ.

कामावरून परत येणारा तोंड पुढं करून येतो. हा पाठमोरा येत होता. म्हणजे याचं चाक इथं नव्हतंच. पलीकडं कुठंतरी होतं, आणि हा अजून त्याच्याकडं बघत, वाख सोडत, मागं मागं आमच्याकडं येत होता.

हाताच्या अंतरावर थांबला.

"चाकावर कोण?"

"मी... तुमच्या दादाचा नातू."

"दादा रागावलाय?"

"दादा गेले. कधीच गेले... पोर वाचवा. तुमच्या लेकरांत कुणाचं तरी जुळेल."

पाणी ठिबकत होतं. पाठ हलली नाही.

"पाठवतो. पण मी दमलोय रे. सूत कुणाकडं देऊ?"

"माझ्याकडं द्या."

"घेशील?"

"मीच घेतो. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

"बरं."

मी हात पुढं केला. हातात काहीच आलं नाही. समोर कुणी नव्हतं आणि सूत पुन्हा लोंबत होतं.

दुसऱ्या दिवशी समुद्रापारहून फोन आला. कुणी बाई होती, आमच्याच आडनावाची. सून ऐकत होती आणि पांढरी पडत होती. बाई म्हणाली, "काल स्वयंपाकघरात उभी होते. कुणीतरी कमरेला हिसका दिला, दोनदा. वळून बघितलं तर कुणी नाही. मग काय वाटलं कोण जाणे, तुमचा निरोप उघडला." बाईचा मगज जुळला. बाई आली, देऊन गेली. भिंगरी उठून बसली. मुलानं सगळ्या वॉर्डला चहा पाजला. डॉक्टरीण म्हणाली, "चमत्कार!" मी म्हणालो, "बघू."

मी माझ्या बोलावण्याची वाट बघत होतो. कमरेवर हात ठेवून बसायचो. काही आलं नाही.

मग भिंगरी उलटी चालायला लागली.

मुलगा म्हणाला, "खेळतेय, बाबा. खेळू द्या की!" खेळतेय? खुर्चीला धडकत नाही. उंबरा बरोबर ओलांडते. डोळे समोर कुठंतरी लांब लागलेले, आणि पोटाशी चिमटीतून काहीतरी सोडत, मागं मागं. तिच्या जन्माआधीच शेड बंद पडली. तिला हे शिकवलं कुणी? रोज संध्याकाळी थोडं पुढं जाते. आधी दारापर्यंत, मग फाटकापर्यंत, आता धक्क्याकडच्या गल्लीपर्यंत. सून धावत जाऊन उचलून आणते. मी चादरींची ती दोरी तिच्या कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला. बसल्या बसल्या डोळा लागला. जागा झालो तर गाठ तशीच, फास तसाच, आत पोर नाही. सुनेनं ती धक्क्याच्या पायऱ्यांवरून उचलून आणली.

शेडमध्ये गेलो. सुताला हिसके दिले, हात सोलेपर्यंत दिले. ओरडलो, "मी म्हणालो होतो, मी घेतो! मी!" सूत नुसतं माझ्याकडं सरकत आलं. त्या टोकाला जाऊन बघितलं. खांबावरची गाठ सुटलेली आहे. ज्यानं बांधली त्यानंच सोडली.

काल दारात बसलो होतो. भिंगरी अंगणातून मागं मागं आली आणि तिची पाठ माझ्या गुडघ्यांना टेकली. केस ओले होते. अंघोळ झाली नव्हती. खारट वास येत होता.

"भिंगरे," मी म्हणालो, "वळ बघू इकडं."

वळली नाही.

"चाकावर कोण?" तिनं विचारलं.

'मी' म्हणालो की मी चाकावर आणि पोर सुतावर, कायमची. दात आवळून बसलो. ती अजून विचारतेय. हे लिहितोय तेव्हाही विचारतेय, पलीकडच्या खोलीतून, आणि दर वेळी आवाज जरा लांबून येतोय.

झालं लिहून. मुलगा मला वेडा म्हणाला, ते मी पोटात घालीन. पण बोली माझ्याशी झाली होती आणि धरलं पोरीला. एका माणसाकडून माफी अजून यायची आहे, आणि ती पाठमोरी चालणार नाही. तोंड फिरवून मागायची, चुलत आजोबा.