यादी लागू दे

बोअर ताब्यात घ्यायला गेलेल्या बाईनं तिथंच मन गमावून येऊ नये, असा काही सरकारी नियम नाही. असता, तर उत्पला सोनकांबळेनं तो पाळला असता. नियम पाळणारीच होती ती. लोह्याची पोर, पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता, नोकरीचं दुसरंच वर्ष, आणि वाट्याला आलं काय, तर उदगीर तालुका अन् सोळा सालचा दुष्काळ! लातूर शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, मग खेड्यापाड्यांचं काय विचारता! ज्याच्या बोअरला पाणी त्याच्याकडे जायचं, कलेक्टरांचा हुकूम दाखवायचा, बोअर टँकरसाठी ताब्यात घ्यायचा, हे तिचं काम. लोक शिव्या द्यायचे. एकानं तर अंगावर कुत्रं सोडलं होतं.

त्या दिवशी देगलूर रोडच्या माळावर जीप थांबली. उत्पला उतरली आणि बघतच राहिली. चौफेर भाजून निघालेली जमीन, आणि मधोमध ओसरीएवढा हिरवागार तुकडा! गवत इतकं बारीक कापलेलं की हात फिरवावासा वाटावा. त्याच्यावर एक उंच पोरगा काठी धरून वाकला होता.

"ओ! हे काय करून राहिलात?" उत्पला ओरडली.

चेंडू घरंगळत गेला आणि भोकाच्या काठाशी थबकला. पोरानं मान वर केली. "गेलं... तुमच्या एका 'ओ'नं माझं ऑलिम्पिक गेलं, मॅडम!"

"लोकांना प्यायला पाणी न्हाई, आन् तुम्ही गवताला पाजून राहिलात?"

"गवत नका म्हणू हो हिरवळीला. लई मानी हाय ती... रुसते."

आणि तो हसला. असा हसला, की उत्पलाला हातातला हुकूम पुन्हा एकदा उघडून वाचावा लागला. पाठ होता तो तिला, तरीसुद्धा.

हा सिद्धेश्वर. माणिकप्पांचा धाकटा. माणिकप्पा म्हणजे डाळमिलवाले, आणि उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्या समितीचे पुढारी. पोरगा हैदराबादला मामाकडे वाढला, तिथं गोल्फ शिकला, आणि आता थायलंड-मलेशियात खेळून पोट भरत होता. मनगट दुखावलं म्हणून घरी आलेला. सरावासाठी बापाच्या माळावर त्यानं ही एवढीशी हिरवळ जगवलेली.

आता माणिकप्पांचा पोरगा म्हटल्यावर काय होणार, हे तिला ठाऊक होतं. आधी बापाला फोन, मग आमदाराला फोन, मग तिच्या साहेबाला फोन, आणि तिची खरडपट्टी. पण सिद्धेश्वरनं खिशात हातसुद्धा घातला नाही. त्यानं हुकूम वाचला, हिरवळीकडे एकदा बघितलं, चालत गेला आणि मोटार स्वतःच्या हातानं बंद केली.

"टँकर कुठल्या तांड्याला जाणार?" एवढंच त्यानं विचारलं.

इथंच घात झाला! भांडला असता तर बरं झालं असतं.

पंधरवड्यात हिरवळ पिवळी पडली, मग तिची माती झाली. सिद्धेश्वर मातीवर सराव करायचा. टँकर भरतोय की नाही, हे बघायला उत्पला रोज यायची. खरं म्हणजे ते काम शिपायाचं होतं. शिपाई गालातल्या गालात हसला फक्त.

"ऑलिम्पिकला जातात कसं? परीक्षा असती का?" एकदा तिनं विचारलं.

"परीक्षा असती तर बरं झालं असतं. यादी असते." जीपच्या बॉनेटवर बोटभर धूळ बसली होती. तिच्यावर तो बोटानं लिहायला लागला. "सगळ्या जगातून साठ जण. एका देशाचे दोन. पहिल्या पंधरात असले तर जास्त चालतात, पण ते आपल्या नशिबात न्हाई. भारतात मी आत्ता दुसरा. माझ्या मागं दिल्लीचा एक... टाचेला टाच लावून."

"आन् नंबर कसा ठरतो?"

"दोन वर्षांत मिळवलेले गुण, भागिले खेळलेल्या स्पर्धा. जुने गुण झिजत जातात. जुलैत यादी बंद."

उत्पला बॉनेटवर वाकली. तिची ओढणी धुळीत गेली, तिला पत्ता नाही. "म्हणजे खेळून हरलास, तर गुण वाढत न्हाईत, पण भागायचा आकडा वाढतो? सरासरी खाली येते?"

"हाव."

"आन् खेळलाच न्हाईस तर?"

सिद्धेश्वरनं लिहिणारं बोट उचललं. मग म्हणाला, "मॅडम... तुम्ही मला आत्ता 'तू' म्हणालात."

"मी? कधी?"

"दोनदा. मी मोजून राहिलो ना."

उत्पला कानापर्यंत लाल झाली. "हिशोबाकडे लक्ष दे. दे म्हणजे... द्या. तुमचं मनगट दुखतंय. मागच्या दोन स्पर्धांत काय दिवे लावले ते तुम्हीच सांगितलं. दिल्लीवाल्याला पुढं जायचं तर त्याला लई वर यावं लागेल. तुम्ही उगं कशाला पायावर धोंडा मारून घेता? बसा की घरी!"

"अहो, खेळाडू हाय मी! बसून जिंकतात काय?"

"ह्या यादीत जिंकतात," उत्पला म्हणाली, आणि बॉनेटवरचा भागाकार पूर्ण करून दाखवला.

उन्हानं दोघांचा जीव कासावीस झाला होता. त्यानं आपली बाटली पुढं केली. तिनं सवयीनं बाटली उंच धरून वरून पाणी प्यायलं. लहानपणापासून दुसऱ्याच्या घरचं पाणी ती तसंच प्यायली होती. सोनकांबळे म्हटल्यावर मराठवाड्यात पुढं काही विचारावं लागत नाही, आणि सांगावंही लागत नाही.

"वरून कामून पितेस?" तो हळूच म्हणाला. "तोंड लाव ना..."

तिनं बाटलीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं बाटली तोंडाला लावली. त्यानं ती तिच्या हातातून घेतली, न पुसता तिथंच तोंड लावलं, आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. त्याची नजर सगळा वेळ तिच्यावर होती. उत्पलाला वाटलं, झालं, आता जगात कुणाला भ्यायचं कारण उरलं नाही. येडी कुठली!

मे महिना असा गेला की विचारू नका. तिच्या हातात काठी देऊन, तिच्या मनगटावर मनगट ठेवून तो तिला मारायला शिकवायचा. चेंडू कधीच नीट गेला नाही, आणि दोघांनाही त्याचं दुःख नव्हतं. टँकरचे ड्रायव्हर लांबून शिट्ट्या मारायचे.

मग लोह्याहून फोन आला. उत्पलाचे बाबा, ग्यानोबा, शब्द जपून वापरणारा माणूस. हदगावचं स्थळ आहे, मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, माणसं भली, उत्तर मागतायत. "तुझं मन असंल तरच," बाबा म्हणाले. उत्पलानं थोडे दिवस मागून घेतले. का, ते सांगितलं नाही.

सिद्धेश्वरला मात्र सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तिला त्याचाही आनंद झाला.

"यादी लागू दे, उत्पला," तो म्हणाला. "ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी आप्पांना सांगतो. तू घरी ये. तुझ्यासमोर सांगतो. आत्ता घरात वादळ उठलं तर... माझं सरावात मन लागायचं न्हाई गं."

"नक्की?"

"नक्की. तुझी शपथ."

आणि सिद्धेश्वर बसला. गोल्फ शिकवलेले हैदराबादचे सर फोनवर ओरडले, स्पर्धावाल्यांचे निरोप आले, पण गडी हलला नाही. शेवटच्या आठवड्यात दिल्लीवाला तिकडं परदेशात खेळत होता आणि हे दोघं माळावर एका मोबाइलमध्ये डोकं घालून आकडे बघत होते. तीन दिवस तो पोरगा वर होता. चौथ्या दिवशी घसरला, आणि असा घसरला की बघवेना.

यादी लागली. सिद्धेश्वरचं नाव होतं.

"उत्पला! बसून जिंकलो!" फोनवर त्याचा आवाज फाटला होता. ती ऑफिसात होती, तिनं टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांसमोर नाचायचीच बाकी राहिली. त्याला बसायला आपणच शिकवलं, हे काही तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी तिनं निळी साडी नेसली आणि माणिकप्पांच्या घरी गेली. बैठकीत माणसं मावत नव्हती. समितीचे लोक, मिलवाले, पत्रकार. सिद्धेश्वरच्या गळ्यात हार, कपाळाला गुलाल. चहा फिरत होता, सगळ्यांना कागदी कपातून, कारण चार सरी पडून गेल्या तरी भांडी विसळायला पाणी नव्हतं. दुष्काळानं तेवढी एक लाज झाकली होती. नाहीतर तिच्या हातात कुठला कप आला असता, कोण सांगावं?

माणिकप्पा उठून पुढं आले. पोटात पाप नसलेला, पण पुढारीपण अंगात मुरलेला माणूस. "या, या बाई! सिद्धू, कोण रे ह्या?"

आता. तिनं सिद्धेश्वरकडे पाहिलं. त्यानं बापाकडे पाहिलं, समितीकडे पाहिलं.

"ह्या... पाणीपुरवठ्याच्या मॅडम, आप्पा. बोअरवाल्या."

"असं का! बसा की बाई. आमचं पाणी गेलं, पण पुण्य लागलं बघा! आता जिल्हा होईल, अन् नव्या जिल्ह्याचा पहिला ऑलिम्पिकवाला आमच्या घरचा!" सगळे हसले. टाळ्या वाजल्या. उत्पलाही हसली. त्या हसण्यानं तिचे गाल दुखले.

ती फाटकाशी आली तेव्हा तो मागून धावत आला. "उत्पला, ऐक ना... एवढी माणसं होती. कसं बोलणार?"

"मग कधी बोलणार?"

"ऑगस्टात ऑलिम्पिक आहे. ते होऊ दे. मग निवांत... आणि जिल्ह्याचं पण तोंडावर आलंय. आप्पांना चार समाजांची माणसं धरून ठेवावी लागतात. जिल्हा झाला की त्यांचं मन मोठं होईल. तू थांब ना गं थोडी."

"जिल्हा झाला की!" उत्पलाला हसू फुटलं, कडू. "सिद्धू, तो जिल्हा मी शाळेत होते तेव्हापासून होऊन राहिलाय."

"तूच म्हणाली होतीस ना... उगं खेळून हातातलं कामून घालवायचं?"

खरं होतं ते. तिचंच बोट, तिचाच भागाकार.

"ते मी यादीबद्दल म्हणाले होते," ती शेवटी म्हणाली. "माझं तुझ्यावर प्रेम हाय, सिद्धू. लई हाय. मोटार बंद केलीस ना, त्या दिवसापासून हाय. म्हणून सांगते, आत जा आन् आत्ता सांग. ते न्हाई म्हणोत, मला हाकलून देवोत, मी सोसंन. पण तू सांगितलंस, एवढं मला दिसू दे. मी इथंच उभी हाय."

त्यानं तिचा हात धरला, दाबला, आणि डोळे पुसत आत गेला. उत्पला फाटकाला टेकून उभी राहिली. ऊन कपाळावर आलं होतं. आतनं हसण्याचे आवाज येत होते, कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना सरकून बसायला सांगत होतं. आवाज आता थांबतील, आता शांतता होईल, म्हणून तिनं कान लावले. फोटो निघाला. पुन्हा एक निघाला. हसणं काही थांबलं नाही.

मग दार उघडलं आणि त्याची वहिनी बाहेर आली. हातात पेढ्यांचा खोका. "मॅडम, भावजींनी तुमच्यासाठी दिलंय. म्हणाले, आज गडबड आहे, फोन करतो."

"त्यांनाच द्या," उत्पला म्हणाली. "त्यांना सांगा, बाई गेली."

वहिनी गोंधळून तिच्या साडीकडे, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं की नाही, देव जाणे.

कोपऱ्यावर रसवंती होती, बंद पडलेली. तिच्या ओट्यावर बसून उत्पलानं लोह्याला फोन लावला. रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचाच.

"बाबा, हदगावच्या लोकांना न्हाई कळवा. त्यांना फुकट लटकत ठेवलं मी."

"बरं," ग्यानोबा म्हणाले.

"उदगीरला एक मुलगा होता, बाबा. माणिकप्पांचा, लिंगायतांचा. माझं प्रेम होतं त्याच्यावर. त्याच्यासाठी तुम्हाला थांबवलं होतं. आता संपलं ते."

मग बाबांनी विचारलं, "त्यानं सांगितलं का त्याच्या घरी?"

"न्हाई."

"मग? संपलं म्हणतीस, तर मला तरी कशाला सांगून राहिलीस, बाई?"

उत्पलाला आता रडू फुटलं. पदर तोंडात कोंबत ती म्हणाली, "कुणीतरी एकानं तरी घरी सांगायला पाहिजे होतं की, बाबा."